दुसरा भाग सोडून दे

४ एप्रिल २०२५

चि. विनीत,

आपल्या दोन घरांत बोलणं बंद आहे. लिहिणं बंद आहे असं कोणी म्हटलेलं नाही. देवळाच्या पायरीवर शपथ झाली तेव्हा मी दवाखान्यात होतो, माझ्या वतीने तुझ्या वहिनीने हात ठेवला. ज्याने मला मारलं तो देवीपुढे येऊन कबूल होईपर्यंत आमच्या वरच्या घराने तुमच्या खालच्या घराशी तोंडाने एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं. म्हणजे तोंडाने. मी गुरवाला मुद्दाम बोलावून खात्री करून घेतली. तो म्हणाला, देवी ऐकते. ती वाचत असल्याचं त्याच्या आजोबांनीही कधी सांगितलेलं नाही. तेव्हा हे पत्र.

माझा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय हे तुला ठाऊक आहेच. आत पट्टी, बाहेर प्लास्टर. हंगाम ऐन भरात आहे, बागेत कलमं ओझ्याने वाकलीत, आणि मी पडवीत आडवा पडून वाशांवरच्या पाली मोजतोय. संस्कृती मुंबईहून आली ती आपला खेळाचा डबा घेऊन. टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "बाबा, आईचं डोकं खाण्यापेक्षा हे खा." खेळाचं नाव ऑस्टमार्क. तीन भाग आहेत. सगळीकडे तलवारी, जळकी गावं, आणि मधोमध एक गोष्ट. त्या गोष्टीतला नायक आपण चालवायचा. त्याचं नाव ऑर्विन. मी त्याला अरविंद म्हणतो.

पहिल्या तासाभरात अरविंद चौदा वेळा मेला. सहा वेळा लांडग्यांनी फाडला, एकदा म्हातारीने विळ्याने कापला, एकदा तो आपणहून विहिरीत पडला. बाकीचं सांगण्यासारखं नाही.

तू रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी दुकान थाटून कॉलेजच्या पोरांना हेच तासावर खेळायला देतोस. भावकीत या विषयातला विद्वान तू एकटा. तर सांग, सुरुवात कुठून करू?

आता दुसरी गोष्ट. तुमच्या घराच्या बाजूचा धाकू अजून कोठडीत आहे. शिमग्यात पालखी मुक्कामाच्या सहाणेकडे वळत होती, पुढचा खांदा माझा होता, आणि मागून फटका आला. मी खाली. वळून पाहिलं तर धाकू, हातात पालखी टेकायची ती सागाची काठी, तिला माझं रक्त. फेब्रुवारीत मी त्याला बागेच्या कामावरून हाकलला होता, त्याचा राग. पोलिसांना मी नाव दिलं ते तेवढ्यासाठी. पण कोर्टाने माझं पोट भरणार नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्लास्टर निघेल. त्यानंतर धाकूचा उजवा पाय, माझा मोडलाय त्याच जागी, दोन ठिकाणी. तोवर हाताला वळण राहावं म्हणूनही हा खेळ बरा.

लवू


१२ एप्रिल २०२५

ती. लवूदादा,

तुझं अक्षर बघून आधी घाबरलो, मग हसलो. गुरवाला माझाही नमस्कार सांग. तोंडाने नको, चिठ्ठी दे.

सुरुवात पहिल्या भागापासूनच कर. चित्रं जुनी आहेत, माणसांची तोंडं सुरणाच्या गड्ड्यासारखी दिसतात, पण गोष्टीचं मूळ तिथे आहे. लढाई 'सोपी' वर ठेव. लाज वाटू देऊ नकोस. माझ्याकडे येणारी पोरं बाहेर सिंहासारखी फिरतात आणि आत येऊन 'सोपी'च लावतात.

बाकी एवढं पाळ. जो भेटेल त्याच्याशी बोल; मुकाट माणसाकडेही काहीतरी निघतं. मोठ्या मारामारीआधी सेव्ह कर, म्हणजे मेलास तर तिथूनच उठशील. चिलखत जड घालू नकोस, नाहीतर पळता येणार नाही. तुला पळणं कमीपणाचं वाटतं हे मला माहीत आहे. अरविंदाला वाटत नाही, त्याला पळू दे. आणि गोष्टीत मधूनमधून निवड येते: मारायचा की सोडायचा, सांगायचं की लपवायचं. तिथे घाई नको. पहिल्या भागात केलेलं पुढच्या भागात समोर येतं.

पहिला संपला की थेट तिसरा लाव. दुसरा भाग सोडून दे. गोष्ट सपक, लढाई गचाळ, माझ्या दुकानात त्याला कोणी हात लावत नाही.

धाकूबद्दल मी काय सांगणार? मी सहाच्या फेरीबोटीने तवसाळहून निघालो होतो. हे घडलं तेव्हा मी खाडीत. पाहिलेलं काही नाही. पण दादा, माणूस गरीब आहे. कोर्ट आहे ना, कोर्टाला करू दे.

पायाखाली उशी घेत जा.

विनीत


२७ एप्रिल २०२५

चि. विनीत,

उशी घेतो. पहिला भाग अर्धा झाला. आता सविस्तर ऐक.

तू म्हणालास भेटेल त्याच्याशी बोल. बोललो. बोलता बोलताच मेलो. दरोडेखोरांचा नाईक समोर उभा राहून आपलं सगळं दुःख सांगत होता. बापाने कसं टाकलं, राजाने घर कसं जाळलं. समोरचा बोलतोय तर मध्ये तोडायचं कसं? मी हात बांधून ऐकत राहिलो. त्याचं बोलणं संपलं आणि त्याने माझं डोकं कुऱ्हाडीने उभं चिरलं. पाच वेळा हेच. सहाव्या वेळी वाक्य अर्धं असताना त्याच्या गळ्यात तलवार घातली. संस्कृती म्हणाली, "बाबा, आता जमायला लागलं तुम्हाला."

नव्या गावात शिरलो की मी आधी गावदेव शोधतो. वेशीवर एक दगडी मूर्ती असते, तिच्यापुढे अरविंदाला गुडघ्यावर बसवतो, मनातल्या मनात गाऱ्हाणं घालतो आणि मग कत्तलीला लागतो. संस्कृती सांगते, ती मूर्ती शोभेची आहे, तिच्यापुढे बसून काही मिळत नाही. नाही मिळालं तर नाही. गावात न विचारता शिरून माणसं मारायची म्हणजे काय रीत झाली?

मागून मारलं तर तिप्पट लागतं, हे मात्र त्यांनी बरोबर धरलंय. माझं स्वतःचं मोजमाप आहे.

आता अडचण. नदीवर तरवाला होता. मी, म्हणजे अरविंद, राजाचा दूत. तरवाला म्हणाला रांगेत मागे उभा राहा. कोणाच्या मागे? तर एका कोंबड्या विकणाऱ्याच्या. मी तीन पिढ्या पुढचा खांदा धरणाऱ्या घरातला माणूस. एक घाव घातला. मान नदीत गेली, धड दोन पावलं चाललं आणि मग बसलं, जसं कोणी दमून बसावं. कोंबड्या सैरावैरा. फार बरं वाटलं. नंतर लक्षात आलं की पलीकडे नेणारा तो एकटाच होता. चार दिवस मी नदीकाठाने येरझारा घालतोय.

धाकूला जामीन मिळाला. परवा सकाळी आला, खळ्याच्या कडेला उभा राहिला, वर चढला नाही. "दादा, देवीशप्पत, मी नाही मारलं. काठी नुसती उचलली." उशाशी पाण्याचा पितळी तांब्या होता, तो फेकला. भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी हलला नाही. रक्त पुसलं, तांब्या उचलून पायरीवर ठेवला आणि गेला. आडव्या माणसाचा एवढा नेम! अरविंदाची कृपा.

लवू


४ मे २०२५

ती. दादा,

तरवाल्याचं वाचून दुकानातली पोरं खुर्चीवरून पडली. सुरुवातीला सगळे कोणाला ना कोणाला चुकीचा मारतात, पण मानपानावरून तरवाला मारणारा तू पहिला. जुना सेव्ह उघड आणि मागे जा. तरवाला जिवंत होईल. या वेळी कोंबडीवाल्याच्या मागे उभा राहा. फक्त दोन मिनिटं लागतात.

आणि तांब्या फेकलास ते ठीक नाही केलंस. हसण्यावारी नेऊ नकोस, मी कळकळीने लिहितोय. तू जरा विचार कर. धाकूच्या गळ्यात ढोल अडकवलेला होता. दोन्ही हात ढोलावर. तुला फटका बसला तेव्हाही तो वाजवतच होता, एक ठोका चुकला नाही, म्हणून तर तुझं हाड मोडल्याचा आवाज कोणाच्या कानावर गेला नाही. असा माणूस काठी कधी उचलणार आणि मारणार कधी? गर्दीत पन्नास माणसं होती. कोणीही असेल. सापडलाच पाहिजे असं आहे का? पाय जुळतोय, बाग उभी आहे. सोडून दे.

पहिल्या भागाच्या शेवटी सरदाराला जिवंत सोडायची संधी येते. सोड. शेवट फार सुंदर होतो.

विनीत


२५ मे २०२५

चि. विनीत,

तरवाला जिवंत केला. कोंबडीवाल्याच्या मागे उभा राहिलो. पलीकडे पोचल्यावर कोंबडीवाल्याला मारला. तो कोणाच्या कामाचा नव्हता, संस्कृतीला विचारून घेतलं होतं.

सरदाराला सोडला नाही. तुझं ऐकून तलवार म्यान केली होती, पण तो हसला. मग आधी हात, मग दुसरा हात, मग जे उरलं ते किल्ल्याच्या भिंतीवरून खाली. शेवट सुंदर झाला की नाही माहीत नाही, माझा मात्र झाला. त्या दिवशी चार आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

मग तुझ्या सांगण्याप्रमाणे तिसरा लावला आणि गाडी चिखलात गेली. सगळे अरविंदाकडे असे बघतात की जणू याने घरचं माणूस खाल्लंय. बाजारात एक बाई तोंडावर थुंकली. एक लुळा माणूस भेटतो, म्हणतो, "तुझ्या भावाने केलं आणि तू माझ्या बापाला टांगलंस." कोण भाऊ? कोणाला टांगलं? मी तर कोणाला टांगलेलं नाही. मी कापतो.

संस्कृतीला विचारलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, दुसरा भाग सोडलात? अहो, लोक पहिला सोडतात, तिसरा विकत घेत नाहीत, पण दुसरा सोडत नाहीत. सगळी मालिका त्याच्यावर उभी आहे. कोणी सांगितलं तुम्हाला सोडायला?" तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "विनीतकाकांच्या दुकानाच्या दारावर दुसऱ्याचंच तर पोस्टर आहे."

काय रे, स्वतःच्या दुकानाचं दार तू बघत नाहीस की काय?

उद्यापासून दुसरा लावतो. नऊ जूनला प्लास्टर निघतंय. दहाला धाकू.

लवू


३० मे २०२५

ती. दादा,

घाईत लिहितोय, टपालाची गाडी सुटायच्या आत पेटीत पडलं पाहिजे.

दुसरा खेळू नकोस. पोस्टर फुकट मिळालं म्हणून लावलं. खेळात दोष आहे, मध्येच अडकतो, सेव्ह पुसला जातो, तुझी मेहनत वाया जाईल. दुसरी एक मालिका पाठवतो, समुद्री चाच्यांची आहे, तुला तीच आवडेल. त्यात पहिल्या मिनिटापासून गळे कापायचे आहेत.

आणि धाकूला हात लावू नकोस. मी पंधरा दिवसांत गावी येतो. एक सांगायचं आहे, पत्रात मावणारं नाही. तोवर थांब. दहाची तारीख पुढे ढकल. माझ्यासाठी म्हणून तेवढं कर.

विनीत


१६ जून २०२५

विनीत,

तुझं पत्र चार तारखेला मिळालं, तू मात्र आला नाहीस. वाचून हसलो. म्हटलं, धाकू खालच्या घराच्या पंक्तीत जेवणारा, त्याला वाचवायला विनीत धडपडतोय. दुसरं काही मनात आलं नाही. आता जे लिहितो ते जसं घडलं तसं लिहितो.

नऊला प्लास्टर निघालं. पाय सुकून काटकी झालाय. दहाला सकाळी एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात पहार घेऊन खालच्या वाडीत उतरलो. तुझी वहिनी आडवी आली, तिला बाजूला केलं. धाकू अंगणात लाकडं फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड लांब फेकली. मी ती उचलेन असं त्याला वाटलं असावं. त्याची बायको दारात किंचाळायला लागली, तिला म्हणाला, "तू आत जा, दादा काय करायचं ते करून जातील."

मी म्हणालो, "पाय पुढे कर."

तो म्हणाला, "पाय नको, दादा. पाय गेला तर कलमावर चढता येणार नाही. हात घ्या." आणि लाकूड फोडायच्या ओंडक्यावर डावा हात ठेवला. आपणहून ठेवला. उजव्याने तो दाबून धरला होता.

मी उजवा घेतला.

मनगटावर. एकाच घावात. तेव्हा ढोल वाजत नव्हता, त्यामुळे आवाज आला. ओली फांदी झाडापासून सोलून काढावी तसा. तो ओरडला नाही, ओंडक्यावर कपाळ टेकून राहिला. हाताचा पंजा भलतीकडेच वळलेला. मला वाटलं होतं की सरदाराच्या वेळी वाटलं तसं वाटेल. घरी येऊन मी खाल्लेलं सगळं ओकलो. म्हटलं, उन्हामुळे असेल.

तेराला दुसऱ्या भागात त्या जागी पोचलो. तुला सांगायला नको, तुला तो पाठ असणार. राजाची पालखीच म्हणायची, मेणा घेऊन मिरवणूक चाललीय, अरविंद पुढच्या दांडीला. मागून कोणीतरी गुडघ्याखाली घाव घालतो. अरविंद कोसळतो. मशालवाल्याच्या हातात हत्यार सापडतं. मशालवाला रडतो, मी नुसतं उचललं. खेळ विचारतो: टांगायचा की ऐकून घ्यायचं? मी टांगायचं बटण दाबलं. दोनदा दाबावं लागतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. मी दोनदा दाबलं. तो पाय झाडत मेला आणि पुढच्या प्रसंगात अरविंदाचा सख्खा चुलतभाऊ दारू पिऊन सांगतो, मारणारा मी होतो.

मी हातातलं यंत्र खाली ठेवलं.

मग तुझी सगळी पत्रं काढली. बारा एप्रिलच्या पत्रात तू सहाच्या बोटीत, खाडीत. मला फटका बसला साडेसहाला. चार मेच्या पत्रात तू लिहितोस, ढोलाचा एक ठोका चुकला नाही आणि हाड मोडल्याचा आवाज कोणाच्या कानावर गेला नाही. खाडीच्या मध्यावर बसून तुला ठोके मोजता आले? आणि आवाज कोणी ऐकला नाही, याची चौकशी कोण करतो रे? ज्याला तो ऐकू जाईल अशी भीती होती तो.

मी तुझ्याकडे गोष्टी मागत नाही. एका शब्दात उत्तर दे. मारलंस की नाही?

लवू


२१ जून २०२५

दादा,

होय.

एका शब्दात दिलं. आता थोडं जास्त लिहू दे.

वीस वर्षं मी त्या पालखीमागे चालतोय. माझे वडील आणि तुझे वडील एका आजोबांचे नातू, पण पुढचा खांदा वरच्या घराचा. दर वर्षी मी पुढे येतो आणि दर वर्षी तू कोपराने मला मागे सारतोस, न बघता, बैलाने शेपटीने माशी हाकलावी तसा. या वर्षी तू कोपर मारलंस ते माझ्या ओठावर. दात हलला. तोंडात रक्ताची चव आली. पालखीचा टेका, ती सागाची काठी, माझ्याच हातात होता. समोर तुझी पोटरी होती, गुलालाने माखलेली. मी वेळ घेतला, दादा. चुकून नाही झालं. दोन्ही हातांनी धरून, खालून वर घातला. हाड गेलं ते काठीतून माझ्या तळहातापर्यंत कळलं. आणि बरं वाटलं. तुला सरदाराच्या वेळी वाटलं तसंच. तेवढ्यासाठी तुझं ते पत्र मी तीनदा वाचलं.

टेका हातातून टाकला तो धाकूच्या पायाशी पडला. तो वाजवतच होता. लोकांच्या पायात येऊन कोणी पडेल म्हणून त्याने ढोल थांबवला आणि काठी उचलली, बाजूला ठेवायला. तेवढंच त्याने केलं. मी सातची बोट धरली.

आता नीट वाच. कालपर्यंत मी एकटा गुन्हेगार होतो. आज तूही आहेस. मी देवळात उभा राहिलो तर पोलीस मला नेतील, आणि मी तिथे असताना धाकूच्या हाताची चौकशी झाली तर तुलाही. दोन घरांतले दोन कर्ते आत. मग शिमग्याला पालखीखाली कोण? त्यापेक्षा दोघंही गप्प राहू. धाकूला बाग परत दे, वर्षभराचं काम लाव. त्याच्या हाताचं ऑपरेशन मी चांगल्या डॉक्टरकडून करून देतो. कोर्टात तू सांग, अंधुक होतं, ओळख पटत नाही. केस सुटेल. तो आपल्या पाया पडेल. तो तसा माणूस आहे.

तुझ्याकडून फक्त 'बरं' एवढा शब्द हवा.

विनीत


३ जुलै २०२५

लवूदादा आणि विनीतभाऊ, दोघांस,

हे पत्र संस्कृती लिहिते आहे, कारण माझा हात बांधलेला आहे. मी सांगतो तसंच लिही, गोड करू नको, असं तिला सांगितलंय. दोन प्रती करतोय, एक वर पडवीत आणि एक रत्नागिरीला.

विनीतभाऊंचं शेवटचं पत्र पोस्टमनने संस्कृतीच्या हातात दिलं. तिने ते बापाला दिलं. दादांनी वाचलं आणि उशीखाली ठेवलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, काय करायचं, बाबा? दादा म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशी, बघू. असे आठ दिवस बघू. नवव्या दिवशी दादा अंघोळीला गेले, तेव्हा तिने उशीखालची सगळी पत्रं उचलली आणि खालच्या वाडीत माझ्याकडे आली. माझ्या बायकोसमोर सगळी वाचून दाखवली. खेळाचंही वाचलं. तो तरवाला आणि कोंबडीवाला ऐकून बायको हसली, हे खोटं कशाला सांगू? त्यानंतरचं वाचलं तेव्हा ती उठून मागच्या दारी गेली.

विनीतभाऊ, तुम्ही लिहिलंत, तो आपल्या पाया पडेल, तो तसा माणूस आहे. मी तसा माणूस होतो. तुमच्या दोघांच्याही अंगणात मी चप्पल काढून उभा राहिलो आहे. दहा जूनला मी हात पुढे केला तेव्हा मला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे, म्हणजे रोज वाट बघणं संपेल. जामिनावर सुटल्यापासून मी कुत्रं भुंकलं तरी दचकत होतो. पोर खेळून उशिरा आलं तरी वाटायचं, गाठलं असेल. हात मोडला त्या दिवशी मी मोडक्या हाताने शांत झोपलो. इतकी भीती तुम्ही मला घातली होती, आणि मी काहीच केलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात बोटं वळतील, पण मूठ घट्ट होणार नाही. बायको भरवते. चाळिसाव्या वर्षी भरवून घेताना मान वर करवत नाही.

काल तंटामुक्तीची माणसं आली होती. म्हणाली, आपसात मिटवून टाका, गावाचं नाव जातं. मी विचारलं, कोणाचं आपसात? वरच्या आणि खालच्या घराचं आपसात मिटतं, ते मी पिढ्यान्‌पिढ्या बघतो आहे. मी त्या आपसात कुठे बसतो, ते दाखवा. चहा पिऊन गेली.

आज सकाळी मी आणि संस्कृती गुहागरला पोलीस ठाण्यात गेलो. विनीतभाऊंची पत्रं दिली. माझ्या हाताबद्दल लवूदादांचं नाव दिलं, आणि दादांच्या पायाबद्दल विनीतभाऊंचं. साहेब म्हणाले, दोघंही मोठ्या घरचे, पुन्हा एकदा विचार कर. मी म्हटलं, विचार करायला मला तीन महिने दिले होते, झाला करून. मग संस्कृतीने सही केली साक्षीदार म्हणून. मी अंगठा दिला, डावा.

दादा, संस्कृती आता वर येत नाही, माझ्याकडेच राहणार आहे तारीख लागेपर्यंत. तिला रागावू नका. घरी खेळायचा तो डबा तुमच्याकडेच ठेवा म्हणाली.

पत्र संपलं. ती विचारते, शेवटी काय लिहू, आपला नम्र, की आपला आज्ञाधारक? मी म्हटलं, नुसतं धाकू लिही.

धाकू